पटावरची नावं

सोहार. शुक्रवार, दुपारचे सव्वातीन.
मल्याळी मंडळी उठून गेली,
त्यांच्या चहाचा वास मागे राहिला.
पाच वाजता फिलिपिनो येतील.
मधला वेळ आपला,
आणि संडे स्कूलच्या निळ्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसलेली
सात मोठी माणसं.

शद्रखमामा लोंढे, शेवगावकडचे.
पोलादाच्या कारखान्यात मचाण बांधतात,
भट्टीला लागून, ऐन जूनमध्येसुद्धा.
"नावच असलं ठेवलं बापानं," म्हणतात,
"आता आगीला काय बोलणार?"
वय त्रेपन्न. व्हिसाचे आठ महिने उरलेले.
उपासना अथपासून इतिपर्यंत पाठ,
पुस्तक मात्र कधी कधी उलटं धरलेलं.
पगाराच्या कागदावर अंगठा, एकवीस वर्षं.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं,
जरा आगाऊपणानंच,
आता या वयात कशाला हा ताप?
म्हणाले, "वर एक वही उघडणार म्हणतात, बाई.
समद्यांची नावं तिच्यात.
आपलं हाये का न्हाई
हे दुसऱ्याला कशाला विचारायचं?"

मी हसले.
रात्री दवाखान्यात सलाईनचे थेंब मोजताना
ते हसू आटलं.
तीस वर्षं शास्त्र वाचते, पेन्सिलीनं खुणा करत,
त्या वहीत आपल्यालाही शोधावं लागेल
हे कधी मनात आलं नव्हतं.

मीही एकोणपन्नासाव्या वर्षी पहिलीत आहे.
केसपेपरच्या खिडकीतली बदरिया
दोन पेशंटांच्या मधे मला अरबी शिकवते,
उजवीकडून डावीकडे.
माझा अलिफ सरळ येतो.
पुढचं सगळं बेडकासारखं उड्या मारतं.

मामांना माझी पद्धत पटली नाही.
मी वरची रेघ आधी ओढायचे.
"हे तर कपडे वाळत घातल्यागत लोंबतंय.
खालून बांधत या, बाई.
खांब पक्का करा, फळी शेवटी."
तेव्हापासून आमच्या वर्गात रेघ शेवटी.

'द्र'पाशी तीन शुक्रवार अडकलो.
र कुठं गेला, म्हणून ते फळ्यामागे बघायचे.
अहो, इथंच आहे, द च्या पोटाखाली, तिरका.
"मंग ब्रेस म्हणा की!
तिच्यावाचून काय उभं राहतंय?"

पाळकसाहेब एकदा या वर्गात येऊन बोलले,
शिष्य म्हणजे शिकणारा, दुसरं काही नाही.
बारा जण तीन वर्षं वर्गात बसले,
परीक्षेच्या रात्री पळत सुटले,
तरी गुरुजींनी पटावरून त्यांना खोडलं नाही.
"आणि त्या एकाचं?" मामांनी विचारलं.
साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"ते मलाही कळलेलं नाही," म्हणाले,
आणि मला ते त्या दिवशी फार आवडले.

आज मामांनी न बघता लिहिलं, शद्रख लोंढे.
खडू दोनदा मोडला.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांनी हातानं थांबवलं.
"आपलं झालं. आता इस्राफिल लिहा.
छपऱ्याचा. माझा जोडीदार.
दोन वर्षं झाली, वरून पडला.
तिथं गेल्यावर त्याचंही बघावं लागंल ना?"

मी काही बोलले नाही.
वर्गात कुणीच बोललं नाही.
एसी तेवढा घरघरत होता.
"पण त्याचं त्याच्या बाजूनं लिहा," मामा म्हणाले,
"त्यांच्यात उजवीकडून असतं."

मी फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.
सगळं येणार नव्हतंच, बदरियाला विचारावं लागेल.
पण सुरुवात येत होती.
खडू टेकवला, वरून खाली ओढला,
अलिफ.

मामा खुर्चीतून उठले, जवळ आले,
त्या रेघेला ओळंब्यागत निरखून बघितलं.
"खांब हाये," म्हणाले.
"हा येतो मला."